विहारयात्रा आणि धर्मयात्रा : मुंबईभोवतीच्या चार सहली

वार्षिक सहलीचा विषय कार्यकारी मंडळापुढे निघाला की, दरवर्षी एकच प्रश्न पडतो : जावयाचे कोठे? तरुण मंडळी जलक्रीडेच्या उद्यानाचे नाव घेतात, वडीलधारे देवदर्शनाचे. आणि भगिनीवर्गाचा आग्रह एवढाच की, सकाळी निघून दिवेलागणीस घरी परतता यावे. हा वाद आपण समजतो तितका नवा नाही. माणसाने सहलीस जावे ते कशासाठी, ह्याविषयीचे एक मत मुंबईच्या उंबरठ्यावर सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरले गेले होते. ज्ञातिबांधवांस त्या दगडापासूनच आरंभ करून चार ठिकाणी नेण्याचा ह्या लेखाचा मानस आहे.

इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांस आजच्या नालासोपाऱ्याजवळ ब्राह्मी लिपीतील लेखाचा एक तुकडा मिळाला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा अंश ठरला. हा लेख देशात इतरत्र पूर्ण स्वरूपात सापडलेला असल्याने त्याचा आशय आपणांस ठाऊक आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. त्यांत मृगया आणि तशाच इतर करमणुकी असत. अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाच्या दर्शनास गेला आणि तेथून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. ब्राह्मण व श्रमण ह्यांची भेट आणि त्यांस दान, वृद्धांचे दर्शन आणि त्यांस द्रव्यसाहाय्य, खेड्यापाड्यांतील लोकांची भेट व त्यांच्याशी धर्मचर्चा, एवढा त्या यात्रांचा कार्यक्रम. ह्यात अधिक आनंद आहे, असे तो सम्राट स्वतः सांगतो. सहलीचा निषेध त्याने केला नाही. सहलीला हेतू दिला.

त्याच वर्षी भगवानलालांनी सोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा खणविला आणि आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यातील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक होते आणि त्यांच्याभोवती सात बुद्ध व भावी बुद्ध मैत्रेय अशा आठ धातुमूर्ती मांडलेल्या होत्या. शिलालेखाचा तुकडा आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, तर स्तूपातील वस्तू एशियाटिक सोसायटीत. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. पाश्चात्त्य दर्यावर्दींस ठाऊक असलेले हे बंदर आज चर्चगेटहून लोकल गाडीने गाठता येते. स्तूपाभोवती शांतता असते. मुले विटांचा घेर पाहतात आणि ‘एवढेच का?’ असे विचारतात. त्यांना तेथेच बसवून वरील कथा सांगावी.

सोपाऱ्याच्याच दिवशी वसईचा किल्ला पाहून होतो. इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली; दोनशे पाच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मराठ्यांचे सहस्रावधी वीर त्या तटाखाली पडले. तथापि शरण आलेल्या शत्रूस सन्मानाने निघून जाऊ देण्यात आले, ही गोष्ट मुलांस विजयाइतक्याच अभिमानाने सांगावी. तेथील चर्चच्या घंटा देशावर गेल्या. मेणवली, नाशिक, भीमाशंकर येथे त्या आजही पाहावयास मिळतात. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल स्पष्ट आहे. पुढे ह्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून स्वराज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले. मिळविणे आणि गमावणे ह्यांत अवघी त्रेसष्ट वर्षे गेली.

दुसरी सहल कान्हेरीची. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभरावर लेणी एकाच डोंगरात कोरलेली आहेत आणि तेथील वसती हजार वर्षांच्या आसपास चालू होती. तिसऱ्या लेण्यातील चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतील दोन भव्य बुद्धमूर्ती सर्वच पाहतात. परंतु आपल्यासारख्या संस्थेच्या सभासदांनी थांबून पाहावे ते तेथील दानलेख. राजांहून व्यापारी, कारागीर, गृहस्थ, भिक्षू व भिक्षुणी ह्यांचीच नावे त्यांत अधिक. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दिली. सोपाऱ्याचा मणिकार नागपालित हाही दात्यांपैकी एक. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने तर वाट बांधून दिली. कोणी शेत लावून दिले आणि त्याच्या उत्पन्नातून पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूस वस्त्र मिळावे, अशी तजवीज केली. मुद्दल अक्षय राहावे ही त्यातील अट होती. शिलाहार राजा पुल्लशक्ती ह्याच्या काळातील, नवव्या शतकातल्या एका लेखात देणगीची वाटणी दिली आहे. पूजेसाठी वीस द्रम्म, दुरुस्तीसाठी तीन, वस्त्रांसाठी पाच, आणि पुस्तकांसाठी एक!

तो एक द्रम्म वाचून प्रस्तुत लेखकास आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीची आठवण झाली. ह्याच स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर देणगीदारांची यादी छापलेली असते. एकशे एक, दोनशे एक, पाचशे एक असे आकडे पाहून ‘एवढ्याने काय होणार?’ म्हणून हसणारे आपल्यांतही आहेत. त्यांनी कान्हेरीस एकवार जावे. सातवाहनांचे राज्य गेले, शिलाहारांचेही गेले. परंतु सोनाराने दिलेली पोढी आणि लोहाराने दिलेली वाट ह्यांची नोंद टिकून आहे.

ह्या लेण्यांत नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील लेखही आहेत. इ. स. १००९ व १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे तेथे कोरली. गेल्या वर्षी नातवाने हे ऐकून लगेच विचारले, ‘आजोबा, मग आपण नाव कोरले तर मनाई का?’ क्षणभर उत्तर सुचले नाही. मग त्याला पोढीजवळ नेऊन म्हटले, ‘बाळ, सामिदत्ताने आधी पाणी दिले, मग नाव लिहिले. आपण काय दिले आहे?’ त्याने हातातला खडा खाली टाकला.

तिसरी सहल घारापुरीची. गेटवेहून लाँचने सुमारे तासाचा प्रवास. सहाव्या शतकातील त्या शैवलेण्यातील सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती जगाच्या मोजक्या शिल्पांत गणली जाते. १९८७ साली हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आले. परंतु येथे एकही दानलेख दिसत नाही. एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे पाठविला, असे त्यांच्याच इतिहासकाराने नमूद केले आहे; तो पुढे नाहीसा झाला. म्हणून ही मूर्ती कोणी घडविली हे विद्वानांस तर्कानेच सांगावे लागते. ज्या दगडी हत्तीवरून परकीयांनी ह्या बेटास नाव दिले, तोही १८६४ साली विलायतेस नेण्याच्या खटपटीत मोडला. सांधलेला तो हत्ती भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. एक दगड हलविला की किती माणसांची ओळख पुसली जाते, ह्याचा धडा घारापुरीस मिळतो. कान्हेरी व घारापुरी ही दोन्ही स्थळे सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

चौथी सहल अंबरनाथची. वालधुनीच्या काठचे हे शिवमंदिर शिलाहार राजा माम्वाणि ह्याच्या काळातील असून शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ दिलेला आहे. पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात जावे लागते. बाहेरील भिंतीवर शिल्पांची एवढी दाटी आहे की, एका प्रदक्षिणेत तृप्ती होत नाही. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. निवांतपणे पाहावयाचे असल्यास अन्य दिवशी जावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सोपारा, वसई, बोरिवली, अंबरनाथ ही नावे पुन्हा एकवार वाचा. आपल्या वडिलांच्या पिढीस हे सहलीचे गाव होते. आज ते आपल्याच बांधवांच्या पत्त्यांत आढळतात. गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळी सोडून किती कुटुंबे तिकडे गेली! ज्यांनी एकेकाळी ह्या मंडळासाठी दारोदार वर्गणी गोळा केली, ते कित्येक वृद्ध सभासद तेथील चौथ्या मजल्यावर, जिना उतरवत नाही म्हणून, खिडकीशी बसून असतात. आपली सहलीची बस त्यांच्या खिडकीखालून जाते आणि त्यांस कळतही नाही.

अशोकाच्या यात्रेतील वृद्धांचे दर्शन आणि साहाय्य ही कलमे आपल्यास सहज पाळता येण्याजोगी आहेत. यंदाची सहल सोपारा-वसईस जावी. दुपारचे भोजन त्या भागातील सभासदांसमवेत व्हावे. ज्यांस येणे शक्य नाही त्यांच्या घरी चारदोन तरुणांनी तासभर जाऊन बसावे, आणि परतताना जमेल तो द्रम्म विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी काढावा, अशी नम्र सूचना आहे. जलक्रीडेस आडकाठी नाही. तीही पुढच्या वर्षी करू. मात्र यंदा सोपाऱ्याच्या त्या दगडाचे ऐकावे. बरोबर पाणी, शिदोरी आणि मुले न्यावीत, खडू-कोळसा नेऊ नये, आणि परत येताना एखाद्या आजोबा-आजींचा आशीर्वाद आणावा. म्हणजे आपल्या विहारयात्रेची धर्मयात्रा होईल.