पीसरंग, गावठी कोंबड्यांचा (शहापूर–मुरबाड)

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत घरोघर पाळल्या जाणाऱ्या गावठी कोंबड्यांच्या पिसांचे रंग व नक्षी, आणि हवा तो रंग पुढच्या पिढीत उतरावा म्हणून केलेली नर-मादीची निवड. येथील कोंबडी ही ठरावीक रंगाची, स्वतंत्र नावाची जात नव्हे. एका खुडूक कोंबडीखाली दोन-तीन कोंबड्यांची अंडी बसवली जातात आणि एकविसाव्या दिवशी तांबडी, काळी, कबरी, पांढरी अशी मिसळलेली पिल्ले बाहेर पडतात. कोणते पिल्लू कोणत्या आईचे, हे मग सांगता येत नाही.

रंगाला मात्र येथे मोल आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली वस्त्यांत देवाला कोंबडा देताना पिसे पाहिली जातात; कुठे तांबडा लागतो, कुठे काळा, कुठे पांढरा. वाघबारशीला वाघदेवापुढे कोंबडे दिले जातात. आषाढ अमावस्येच्या आधीचे दिवस विक्रीच्या धामधुमीचे असतात. कल्याण-उल्हासनगरकडचे गिऱ्हाईक कोंबडा गावठी आहे की नाही हे पिसांवरून ठरवते: रंगीत म्हणजे गावठी, पांढरा म्हणजे बॉयलर.

रंग कसा उतरतो. विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये कोंबड्यांवरील प्रयोगांतून मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवले. तेव्हापासून पिसांच्या रंगाचा अभ्यास होत आला आहे. गावात सर्वाधिक आवडणारा, तांबड्या मानेचा आणि काळ्या-हिरव्या शेपटीचा कोंबडा हे मूळ तांबड्या रानकोंबड्याचेच रूप. त्याच रंगाची मादी तांबडी नसते. ती मातकट, बारीक रेघांची असते. म्हणून तसा कोंबडा हवा असणाऱ्याने लालभडक कोंबडीच्या मागे न लागता ही मातकट कोंबडी राखावी. कळपात ती सर्वांत साधी दिसते आणि म्हणूनच आधी विकली जाते, याचे वाईट वाटते.

पक्ष्यांत लिंगगुणसूत्रांची मांडणी माणसाच्या उलट असते. अंगावर आडवे पांढरे-काळे पट्टे आणणारे जनुक लिंगगुणसूत्रावर असते आणि मादीकडे त्याची एकच प्रत असते. ती ते फक्त आपल्या नर पिल्लांना देते. पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडीवर काळा ऑस्ट्रलॉर्प कोंबडा सोडला तर नर पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, माद्यांच्या येत नाही. पहिल्याच दिवशी तलंगा कोणत्या आणि कोंबडे कोणते हे कळते. कोंबडा पट्टेरी आणि कोंबडी काळी असेल तर ही खूण उपयोगी पडत नाही.

निळसर राखाडी रंग जोपासणाऱ्याची दमछाक होते. दोन निळ्यांच्या पिल्लांत सरासरी अर्धीच निळी निघतात. उरलेल्यांत निम्मी काळी आणि निम्मी मळकट पांढरी. सगळी निळी हवी असतील तर काळा आणि मळकट पांढरा यांचीच जोडी लावावी लागते. पांढऱ्याचेही दोन प्रकार आहेत. लेगहॉर्नचा पांढरा रंग इतर रंगांना झाकतो. दुसरा पांढरा अनेक पिढ्या दडून राहतो आणि आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. रंगीत जोडीला पांढरे पिल्लू झाले म्हणून शेजारच्या कोंबड्यावर संशय घेण्याचे कारण नाही.

उलट्या पिसांची आणि उघड्या मानेची कोंबडी या भागातील दमट उकाड्याला साजेशी. उलट्या पिसांचे जनुक दोन्हीकडून आले तर पिसे ठिसूळ होऊन गळतात व पक्षी जवळजवळ उघडा पडतो. म्हणून अशा कोंबडीला साध्या पिसांचाच जोडीदार द्यावा. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उलट्या पिसांच्या गावठी पक्ष्यापासून ‘उपकारी’ आणि उघड्या मानेच्या पक्ष्यापासून ‘हितकारी’ हे संकर तयार केले आहेत.

निवड आणि विक्री. रंगाचे प्रजनन खरे अडते ते विक्रीपाशी. पिल्लाची लव हा शेवटचा रंग नव्हे; कोंबड्याची मान, पाठ आणि शेपूट पाच-सहा महिन्यांनी पूर्ण भरते. नेमका तेव्हाच त्याला चांगला भाव येतो. ज्याची पिसे सर्वांत देखणी तो नवसाला किंवा बाजाराला आधी जातो आणि मागे उरलेला, डावा कोंबडा आठ-दहा कोंबड्यांचा बाप होतो. एक पिढी देखणा कोंबडा न विकता ठेवणे हेच येथील रंगप्रजननाचे पहिले काम. त्यासाठी त्या मोसमाच्या पैशावर पाणी सोडावे लागते आणि ज्या घरात कोंबडी ही अडीनडीची रोकड आहे तिथे ते सोपे नाही. पुढच्या वर्षी तोच कोंबडा स्वतःच्याच तलंगांवर राहू नये म्हणून दुसऱ्या पाड्याशी अदलाबदल करावी.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ‘वनराजा’ आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची ‘गिरिराजा’ हे परसातले पक्षी मुद्दाम रंगीत ठेवले आहेत. मोकळ्यावर फिरणारा पांढरा पक्षी घारीच्या नजरेत लवकर भरतो आणि गिऱ्हाइकालाही रंगीतच हवा असतो. या पक्ष्यांमुळे पिसांवरून गावठीपण ओळखणे आता भरवशाचे राहिलेले नाही. शिवाय खुडूक बसण्याची सवय त्यांच्यात कमी असते, त्यामुळे त्यांचा संकर वाढला की रंग राहिले तरी पिल्ले काढणाऱ्या कोंबड्या घटतात.

झाबुआच्या कडकनाथचा काळेपणा वेगळा: तो पिसांपुरता नसून कातडी, मांस व हाडांच्या आवरणापर्यंत पोहोचतो. त्याच्या सोनेरी व रेघांच्या पिसांच्या उपजातीही आहेत. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सह्याद्रीच्या जंगलांतील राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. पाळीव कोंबड्यांची पिवळी कातडी याच पक्ष्याकडून आली असल्याचे २००८ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी दाखवले. तो संरक्षित वन्यपक्षी असल्याने संकरासाठी पकडणे गुन्हा आहे.

रोगाचा धोका. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळल्यावर परिसरातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचे आदेश निघाले. अशा वेळी ठरलेल्या अंतरातील फार्म आणि परसातल्या अशा सर्व कोंबड्या माराव्या लागतात. त्यामुळे जपलेल्या रंगाची जोडी एकाच वाडीत न ठेवता दूरच्या नातेवाइकाकडेही एक ठेवणे शहाणपणाचे.