भांडण आकारावरून नव्हतेच

राक्षसपटाचा रिमेक येणार म्हटले की चाहत्यांविषयी एक ठरलेले मत ऐकू येते. या मंडळींना लहानपणी पाहिलेलेच पुन्हा पाहायचे असते, बदल म्हणून त्यांना सोसत नाही, चित्रपट लागण्याआधीच त्यांचा निकाल तयार असतो. तेव्हा त्यांच्या पहिल्या प्रतिक्रिया कानाआड कराव्यात आणि तिकीटबारी काय म्हणते ते पाहावे. या मताचा हुकमी दाखला म्हणजे रोलंड एमेरिख यांचा 1998चा अमेरिकन ‘गॉडझिला’. रबरी पोशाखातल्या जपानी राक्षसाच्या जागी संगणकावर घडवलेला चपळ सरडा आला आणि जुने चाहते रुसले, अशी ती हकिकत सांगितली जाते. मला ती मुळातच चुकीची वाटते. इतकेच नव्हे, ती चाहत्यांवर अन्याय करते आणि चित्रपटाचे खरे अपयश झाकून ठेवते.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीने मांडायला हवा. त्याचे तीन मुद्दे आहेत. पहिला, चाहत्यांना पॅट्रिक टाटोपोलोस यांनी रेखाटलेले नवे रूप आवडले नाही. म्हणजे आक्षेप वरवरचा, दिसण्याचा. दुसरा, विरोध पूर्वग्रहातून आला. हॉलीवूडने काहीही केले असते तरी तो झालाच असता. तिसरा, सुमारे 13 कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात 37-38 कोटी मिळवले. म्हणजे सामान्य प्रेक्षकाची काही तक्रार नव्हती.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचा निकाल तारखाच लावतात. मूळ गॉडझिलाची निर्माती असलेल्या जपानी तोहो कंपनीने अमेरिकन चित्रपटाचे हक्क 1992मध्ये दिले. आधी यान डी बाँट दिग्दर्शन करणार होते; खर्चावरून बिनसले आणि ते 1994च्या अखेरीस बाहेर पडले. डिसेंबर 1995मध्ये तोहोने आपली मालिका थांबवली, तीही साध्यासुध्या रीतीने नव्हे. ‘गॉडझिला विरुद्ध डेस्टोरोया’ या चित्रपटात गॉडझिलाच्या शरीरातली अणुभट्टी वितळते आणि तो टोकियोत मरतो. चाहत्यांनी आपल्या नायकाचा अंत पाहिला होता आणि पुढची सगळी आशा अमेरिकेकडे लागली होती. 1997च्या उन्हाळ्यात पहिली झलक आली. निसर्गविज्ञान संग्रहालय, टिरॅनोसॉरसचा सांगाडा, समोर शाळेतली मुले, माहिती सांगणारा माणूस. जमीन हादरू लागते. छत फोडून एक अजस्र पाऊल खाली येते आणि त्या प्रचंड सांगाड्याचा चुरा होतो. एवढेच. ही झलक चाहत्यांनी डोक्यावर घेतली. पुढचे वर्षभर जाहिरातींनी राक्षस पूर्ण दाखवला नाही. कुठे पाऊल, कुठे डोळा, आणि तो किती मोठा आहे याची वर्णने. पूर्वग्रहाने आंधळ्या झालेल्या माणसांचे हे वागणे नव्हे. त्यांनी वाट पाहिली, उत्सुकतेने पाहिली, 20 मे 1998ला तिकीट काढले आणि मग नाकारले. पाहून नाकारणे आणि न पाहता नाकारणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यांनी नेमके काय पाहिले? राक्षस अमेरिकी सैन्याला पाहून पळतो. हेलिकॉप्टरांना चुकवत न्यूयॉर्कच्या गल्ल्यांमधून धावतो, जमिनीत बिळे करतो, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अंडी घालतो. त्यातून निघालेली पिल्ले माणसांच्या मागे लागतात ती थेट ‘जुरासिक पार्क’मधल्या शिकारी डायनोसॉरसारखी. शेवटी तो ब्रुकलिन पुलाच्या तारांत अडकतो, लढाऊ विमाने क्षेपणास्त्रे सोडतात, तो कोसळतो, हृदयाचे ठोके मंदावत थांबतात. ज्याला सैन्याचे कोणतेही शस्त्र मारू शकत नाही तो गॉडझिला. इथे मोजक्या क्षेपणास्त्रांनी काम भागले.

शेजारी 1954चा मूळ चित्रपट ठेवून पाहा. त्या वर्षी 1 मार्चला अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर ‘कॅसल ब्राव्हो’ ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर किरणोत्सारी राख पडली. नौकेवर 23 जण होते. त्यांच्यातला रेडिओचालक सप्टेंबरमध्ये मरण पावला. 3 नोव्हेंबरला इशिरो होंडांचा ‘गोजिरा’ लागला. त्याचे पहिलेच दृश्य म्हणजे डेकवर निवांत बसलेले खलाशी, समुद्रात अचानक उसळलेला लख्ख उजेड आणि पेटलेली नौका. जपानी प्रेक्षकाला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे टोकियो जळत असताना एक आई भिंतीच्या आडोशाला मुलांना कवटाळून बसते आणि आता आपण लवकरच बाबांकडे जाऊ असे त्यांना सांगते. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात एका लहान मुलीसमोर गायगर यंत्र धरले जाते, ते कडकडते, डॉक्टर मुकाट्याने मान हलवतात. स्वतः होंडा युद्धावरून परतताना हिरोशिमाचे उद्ध्वस्त रूप पाहून आले होते. हारुओ नाकाजिमा जड पोशाखात घामाघूम होऊन एइजी त्सुबुराया यांनी उभारलेले छोटे टोकियो तुडवत होते, हे तांत्रिक सत्य. पण पडद्यावर जे चालत होते ते माणसाच्या करणीचे फळ होते. राक्षस नष्ट होतो तो चित्रपटातले शास्त्रज्ञ डॉ. सेरिझावा यांच्या शोधामुळे, आणि तो शोध पुन्हा कोणाच्या हाती पडू नये म्हणून ते समुद्रतळाशी स्वतःची प्राणवायूची नळी कापून घेतात.

एमेरिख यांच्या चित्रपटाची सुरुवात फ्रान्सने पॅसिफिकमध्ये केलेल्या अणुचाचणीच्या दृश्यांनी होते. फ्रान्सने 1995-96मध्ये मुरुरोआ आणि फांगाटाउफा इथे खरोखरच चाचण्या केल्या होत्या आणि जगभर त्यांचा निषेध झाला होता, त्यामुळे हा तपशील ताजा होता. पण परिणाम काय झाला? बिकिनीचा राक्षस अमेरिकेत आला आणि येतानाच अमेरिकेच्या माथ्यावरचा दोष फ्रान्सच्या माथी गेला. ज्याँ रेनो यांचा फ्रेंच गुप्तहेर आपल्या देशाची चूक निस्तरायला न्यूयॉर्कमध्ये हिंडतो. अमेरिका फक्त पीडित. चित्रपटातली ही सर्वांत मोठी कापाकापी आहे असे मी मानतो, आणि तिच्यासमोर जबड्याची ठेवण फार किरकोळ ठरते. चाहत्यांपैकी प्रत्येकाने ती याच शब्दांत मांडली असे नाही. ‘हा आमचा गॉडझिला नाही, फक्त नाव तेच आहे’ अशा अर्थाचे ते बोलले. बोलणे थोडक्यात होते, निदान अचूक होते.

आता पहिला मुद्दा, आकाराचा. कारण ठरवताना आपले नैयायिक अन्वय-व्यतिरेक लावून पाहतात: कारण असताना कार्य होते का, आणि कारण नसताना होत नाही का. रूप बदलणे हेच नाराजीचे कारण असेल तर जिथे जिथे रूप बदलले तिथे तिथे नाराजी दिसायला हवी. 2016चा ‘शिन गोजिरा’ घ्या. हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांनी केलेला बदल एमेरिखपेक्षा कितीतरी धाडसी होता. त्यांचा राक्षस पहिल्यांदा टोकियोच्या कामाता भागात येतो तेव्हा त्याला धड हातही नसतात. बटाट्यासारख्या गोल, न मिटणाऱ्या डोळ्यांनी तो रस्त्यावरून सरपटतो, कल्ल्यांतून लाल द्रव सांडत असतो, समोरच्या गाड्या आणि नौका ढकलल्या जातात. 2011च्या त्सुनामीत जपानने जे पाहिले तेच पुन्हा समोर येते, आणि खोल्याखोल्यांतून बैठका घेणारे, निर्णय न घेऊ शकणारे सरकारही. रूप ओळखू येऊ नये इतके बदलले होते. जपानच्या प्रेक्षकांनी चित्रपट उचलून धरला, जपान अकादमीने त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार दिला.

उलट बाजूचा दाखला तर 1998चाच आहे आणि पूर्वपक्ष त्याचा कधी उल्लेख करत नाही. चित्रपट पडल्यावर त्याच कथेला जोडून एक ॲनिमेशन मालिका आली, 1998 ते 2000. राक्षस टाटोपोलोस यांच्याच आराखड्याचा, वाचलेल्या एका पिल्लापासून वाढलेला. पण त्याला आण्विक श्वास परत मिळाला, तो सहजी मरत नाही, इतर राक्षसांना सामोरा जातो. चित्रपटावर तुटून पडलेल्या चाहत्यांनीच ही मालिका आपली म्हटली. एके ठिकाणी आकार पार बदलूनही नाराजी नाही, दुसऱ्या ठिकाणी ‘चुकीचा’ आकार तसाच ठेवूनही नाराजी नाही. मग आकार हे कारण कसे?

तसे पाहिले तर गॉडझिलाइतका बदललेला राक्षस दुसरा नाही. साठच्या दशकात तो मुलांचा मित्र झाला, 1984मध्ये पुन्हा भयंकर झाला, नंतर पिता झाला. चाहत्यांनी हे सगळे पचवले. एमेरिख यांनी पुढे स्वतःच सांगितले की ते कधीच या चित्रपटांचे फारसे चाहते नव्हते. दिग्दर्शकाने चाहता असलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. पण ज्याला त्या गोष्टीत आकारापलीकडे काही दिसत नाही तो आकारच विकणार, आणि वर्षभराच्या जाहिरातींनी नेमके तेच केले. तोहोचे मतही वेगळे नव्हते. थांबवलेली जपानी मालिका डिसेंबर 1999मध्येच पुन्हा सुरू झाली, आणि 2004च्या ‘फायनल वॉर्स’मध्ये अमेरिकन राक्षसाला ‘झिला’ असे वेगळे नाव देऊन सिडनीत जपानी गॉडझिलाच्या हातून काही क्षणांत संपवण्यात आले.

राहिली तिकीटबारी. एकूण गल्ल्यावरून समाधान मोजता येत नाही; तो जाहिरातींनी ओढून आणलेल्या गर्दीचा असतो. समाधान कळते दुसऱ्या आठवड्यात, पाहून आलेला माणूस शेजाऱ्याला काय सांगतो त्यावरून. एमेरिखच्या ‘गॉडझिला’ची अमेरिकेतली पहिली शुक्रवार-ते-रविवार कमाई सुमारे 4.4 कोटी डॉलर होती; पुढच्या आठवड्यात ती निम्म्याच्याही खाली गेली आणि एकूण आकडा 13.6 कोटींवर थांबला, म्हणजे पहिल्या सुट्टीच्या जेमतेम तिप्पट. पुढचे भाग ठरलेले होते, ते झालेच नाहीत. आता पीटर जॅक्सन यांचा 2005चा ‘किंग काँग’ पाहा, 20.7 कोटी डॉलर खर्चाचा, तीन तासांहून मोठा. एमेरिखच्या ‘गॉडझिला’प्रमाणे तोही बुधवारी लागला. पहिल्या शुक्रवार-ते-रविवारी सुमारे 5 कोटी मिळाले आणि व्यापारी वर्तुळाने चार दिवसांतच तो निराशाजनक ठरवून टाकला. अमेरिकेतली अखेरची कमाई 21.8 कोटी, पहिल्या सुट्टीच्या चौपटीहून जास्त. जगभरात 55 कोटींच्या आसपास. दृश्यपरिणाम, ध्वनिमिश्रण आणि ध्वनिसंपादन असे तीन ऑस्कर. नाताळच्या सुट्ट्यांचा हातभार होता, ते मान्य. तरीही घाई कोणी केली? चाहत्यांनी नव्हे, आकड्यांकडे बोट दाखवून चाहत्यांना उतावीळ म्हणणाऱ्यांनी.

प्रत्येक पहिली प्रतिक्रिया ग्राह्य मानावी, असे मात्र माझे म्हणणे नाही. 2014मध्ये गॅरेथ एडवर्ड्स यांच्या ‘गॉडझिला’ची झलक येताच जपानमध्ये राक्षस लठ्ठ झाल्याची चर्चा रंगली, ती चर्चा तेवढ्याच लायकीची होती आणि चित्रपट लागल्यावर विरली. त्याच चित्रपटावरचा दुसरा आक्षेप मात्र तपासण्यासारखा आहे: राक्षस फार कमी दिसतो. जाणकार लगेच म्हणाले, 1954च्या चित्रपटातही तो थोडाच वेळ दिसतो. मिनिटे मोजली तर त्यांचे बरोबर आहे, पण तक्रार मिनिटांची नव्हती. होनोलुलूच्या विमानतळावर गॉडझिला शत्रूसमोर उभा राहून गर्जतो, आणि झुंज सुरू होणार तोच दृश्य तुटते. ती झुंज आपल्याला एका घरातल्या टीव्हीवर ओझरती दिसते. सॅन फ्रान्सिस्कोत पुन्हा तेच: झुंज सुरू होते आणि निवाऱ्याची दारे मिटतात. होंडा वाट पाहायला लावतात खरे, पण टोकियोची रात्र आली की कॅमेरा नजर वळवत नाही. जे दाखवायचे वचन दिले ते समोर आल्यावर पाठ फिरवणे, यावर आक्षेप होता, आणि मला तो रास्त वाटतो.

जॅक्सन हे स्वतः चाहत्यांपैकीच. न्यूझीलंडमध्ये नऊ वर्षांचे असताना त्यांनी मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शोडसॅक यांचा 1933चा ‘किंग काँग’ टीव्हीवर पाहिला आणि शेवटी ते रडले. बाराव्या-तेराव्या वर्षी त्यांनी पुठ्ठ्याची एम्पायर स्टेट इमारत करून तोच चित्रपट सुपर-8 कॅमेऱ्यावर करायचा प्रयत्न केला. मूळ चित्रपटातून कापले गेलेले, केवळ छायाचित्रांतून आणि संहितेतून उरलेले घळीतल्या कोळ्यांचे दृश्य त्यांनी मूळ चित्रपटाचे ॲनिमेशन करणाऱ्या विलिस ओब्रायन यांच्या पद्धतीने बाहुल्या एकेक चौकट हलवत पुन्हा तयार केले. चाहत्यांना बदल सोसत नाही म्हणणाऱ्यांनी त्यांचाच चित्रपट पाहावा. 1933च्या चित्रपटात नायिका फे रे शेवटपर्यंत काँगला पाहून किंचाळते. जॅक्सनच्या चित्रपटात नाओमी वॉट्सची ॲन त्याला रंगमंचावरच्या कसरती करून दाखवते, रिझवते, त्याच्यावर ओरडतेही. अँडी सर्किस यांनी रवांडात जाऊन गोरिलांचा अभ्यास करून काँगचे चालणे-बसणे उभे केले. दोघांमधले नाते मुळापासून बदलले आणि त्याचसाठी तो चित्रपट आजही आठवला जातो.

हा ‘किंग काँग’ खरे तर बरीच वर्षे आधी व्हायचा होता. जॅक्सन 1996मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओसाठी त्याची संहिता लिहीत होते, न्यूझीलंडमध्ये तयारी सुरू होती. 1997च्या सुरुवातीला स्टुडिओने काम बंद केले. मोठ्या माकडाचाच ‘मायटी जो यंग’ आणि एमेरिख यांचा ‘गॉडझिला’ 1998मध्ये येणार होते; त्यांच्यासमोर आपला चित्रपट टिकणार नाही, असा हिशेब स्टुडिओने मांडला होता.