अंगावर झेपावणारा कुत्रा आणि त्याची शिकवण
लांडग्याची पिल्ले शिकारीहून परतलेल्या मोठ्यांचे तोंड चाटून अन्न मागतात. माणसाला पाहून कुत्र्याचे झेपावणे हा याच वृत्तीचा वारसा मानला जातो. तरीही विसाव्या शतकात बराच काळ या स्वागताला शिक्षाच मिळाली. जर्मनीत श्वानप्रशिक्षक कॉनराड मोस्ट यांच्या १९१० च्या पुस्तकाने सक्तीची शिस्त रुजवली. पुढे अमेरिकेत छातीवर गुडघा मारण्याचे सल्लेही दिले गेले. आनंदाने आलेल्या जिवाला दुखवणारी ही रीत क्रूरच होती. १९५१ मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी बक्षिसाने शिकवण्याची पद्धत सामान्य वाचकांपुढे मांडली. डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांच्या १९८४ च्या पुस्तकाने ती लोकप्रिय केली. या पद्धतीत कुत्र्याने उडी मारताच पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर टेकताच खाऊ द्यायचा. हे पाहुण्यांनीही पाळावे लागते. उडी मारल्यावर अधूनमधून लाड झाले तर सवय अधिकच चिवट होते.