ठाणबंद घोडा आणि त्याचे सोबती

‘तवेले की बला बंदर के सर’ ही म्हण आपल्या घरांतून अजून ऐकू येते. गुन्हा एकाचा आणि मार दुसऱ्याला, असा तिचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. पण तबेल्यात माकड कशाला आले, असे कुणी विचारत नाही. तबेल्यात घोडा असावा, गवत असावे, फार तर एखादा कुत्रा असावा. माकडाचे तिथे काय काम?

काम होते, आणि ते फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे प्रकरण आहे. अश्वशाळा कशी बांधावी, तिची लांबी-रुंदी किती असावी हे सांगताना तिथे माकडे, मोर, ठिपक्यांची हरणे, मुंगूस, चकोर, पोपट आणि मैना ठेवाव्यात असे म्हटले आहे. सातव्या शतकातल्या हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटकात राजाच्या पागेतले माकड साखळी तोडून पळते आणि अंतःपुरात गोंधळ उडतो. पंचतंत्रातली कथा तर म्हणीच्याही पुढे जाते. मुदपाकखान्यात तोंड घालणाऱ्या मेंढ्याला स्वयंपाकी जळते लाकूड फेकून मारतो, पेटलेला मेंढा तबेल्यात शिरतो, घोडे होरपळतात, आणि वैद्य सांगतात की भाजल्यावर माकडाची चरबी हा उत्तम उपाय आहे. मेंढ्याने आग लावली, जीव माकडांचा गेला. दूर जपानातही हीच समजूत होती. निक्को इथल्या तोशोगू देवळात तोंड, कान आणि डोळे झाकून बसलेली जी तीन प्रसिद्ध माकडे आहेत, ती देवळावर कोरलेली नाहीत. ती पवित्र घोड्याच्या तबेल्यावर आहेत, कारण माकड घोड्याचे रोगराईपासून रक्षण करते असे मानत.

विद्वान मंडळी याचा उलगडा नजर, बला, विषबाधा, साप अशा गोष्टींनी करतात. मुंगूस आणि मोर सापासाठी हे पटते. पण पोपट-मैनेचे काय? माझा अंदाज साधा आहे. ज्या माणसाने घोडा रात्रंदिवस जवळून पाहिला, त्याच्या लक्षात आले की तबेल्यात काही हलतेबोलते असले की घोडा शांत राहतो. मग राजाला आणि पंडिताला पटेल असे कारण त्या रिवाजाला चिकटले असावे.

घोडा हा मुळात कळपाचा आणि चालत राहणारा प्राणी. मोकळा सोडला तर दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. एक घास, दोन पावले, पुन्हा एक घास. त्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असते, म्हणून पोट फार वेळ रिकामे राहिलेले त्याला सोसत नाही. अशा जनावराला आपण आगाडी-पिछाडीने ठाणावर बांधतो आणि तोबऱ्यात चंदी देतो. चंदी थोड्या वेळात संपते. उरलेला दिवस आणि सगळी रात्र त्याने काय करावे? काही घोडे गव्हाणीचे लाकूड दातांत धरून हवा गिळू लागतात. काही पुढच्या दोन पायांवर तासन्‌तास डावी-उजवीकडे झुलतात. काही भिंतीलगत फेऱ्या मारून जमीन खणतात. याला पूर्वी ‘ऐब’ म्हणत आणि ऐबी घोड्याची किंमत पाडत. आज पशुवैद्य सांगतात की हा स्वभावाचा खोडसाळपणा नाही, बहुतेक वेळा ते बांधून ठेवण्याचे फळ असते. आपल्या आजीबाईच्या कोड्यात हे कधीचेच आले आहे: भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच, फिरवले नाही म्हणून.

हिंदुस्तानात बांधलेल्या घोड्याची सगळ्यात जुनी तक्रार परक्यांनी लिहून ठेवली आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणातला इतिहासकार वस्साफ दक्षिणेकडच्या पांड्य राज्याशी चालणाऱ्या घोड्यांच्या व्यापाराची माहिती देतो. आखातातल्या कीश बेटाहून वर्षाला १,४०० घोडे पाठवण्याचा करार होता आणि एका घोड्याची किंमत २२० दिनार ठरली होती. हे घोडे उतरले की लोक त्यांना कच्च्या जवाऐवजी भाजलेले जव आणि तुपातले धान्य देतात, उकळलेले दूध पाजतात, आणि जाड व्हावेत म्हणून चाळीस दिवस खुंट्यांना बांधून ठेवतात, असे वस्साफ सांगतो. मग शिकवणी न देताच त्यांच्यावर स्वार होतात, आणि उमदे जनावर थोड्याच दिवसांत मंद आणि निकामी होते. मार्को पोलोनेही त्याच किनाऱ्याबद्दल लिहिले आहे: घोड्यांना मांस घालून शिजवलेला भात देतात, आणि फार थोडे घोडे जगतात.

ही वर्णने वाचताना एक गोष्ट विसरू नये. वस्साफ स्वतः इकडे आला नव्हता. त्याची माहिती विकणाऱ्यांच्या बाजूची आहे. आणि घोडा मेला की नवा घोडा विकला जातो. पोलो तर स्पष्टच लिहितो की घोड्यांचे व्यापारी नालबंदांना इकडे येऊ देत नसत, कारण घोडे मरण्यातच त्यांचा फायदा होता. तेव्हा दोष सगळा खरेदीदाराच्या तुपाचा नव्हता. पण ते ‘चाळीस दिवस बांधून’ मात्र खरे वाटते. लाडाने खाऊ घालायचे आणि जागचे हलू द्यायचे नाही, ही चूक माणूस घोड्याच्या बाबतीत आजही करतो.

आपल्या मुलखातला साक्षीदार जरा निराळा आहे. रशियातला व्यापारी अफानासी निकितिन १४७० च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला आला. पावसाळा लागला, घोडा बांधून राहिला. जुन्नरचा अधिकारी असदखान याने तो घोडा काढून घेतला आणि इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, असे सांगितले. निकितिनच्या वतीने रदबदली केली ती खुरासानच्या एका मुसलमानानेच, ख्वाजा मुहंमद याने. घोडा परत मिळाला आणि पुढे बीदरला विकला गेला. आपल्या इतिहासातला असदखान सांगायचा तर ख्वाजा मुहंमदही सांगावा लागतो, आणि उलटही. पण मला इथे निकितिनचे एक साधे निरीक्षण हवे आहे. या देशात घोडे पैदा होत नाहीत, इथे बैल आणि म्हशी होतात, असे तो लिहितो, आणि घोड्यांना हरभऱ्यासारखे कडधान्य घालतात, साखर आणि स्निग्ध पदार्थ घालून खिचडी शिजवून देतात, असेही. दख्खनच्या मातीत जव नाही आणि हिरवे गवत चार महिने. मग घोड्याला जे द्यायचे ते आपल्या चुलीवरचे. शेजारच्या पांड्य देशात ज्याची चेष्टा झाली ते इथे नाइलाजाचे शहाणपण होते.

पावसाळ्यातल्या पागेची चिंता शिवाजी महाराजांच्या एका प्रसिद्ध पत्रात दिसते. १६७३-७४ च्या सुमाराचे, चिपळूणजवळ हलवर्णच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले हे पत्र रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी नेहमी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र पत्राचा मोठा भाग घोड्यांबद्दल आहे. दाणावैरण आताच उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. कुणी गवताजवळ चूल पेटवेल, कुणी तंबाखू ओढेल, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, आणि गवतासकट पागा जळेल. उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत ज्याचा विचार पोचतो, तो राजा रात्रीच्या तबेल्यात नुसता डोकावलेला नाही, तिथे थांबलेला आहे. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. नेमणुकीच्या यादीत नाव नाही ते पागेतल्या बोकडाचे. आपल्याकडे घोड्याजवळ शेळी किंवा बोकड बांधण्याची चाल आहे, आणि ती फक्त आपली नव्हे. अमेरिकेत १९३६ मध्ये सीबिस्किट नावाचा भडक डोक्याचा शर्यतीचा घोडा टॉम स्मिथ या प्रशिक्षकाकडे आला. स्मिथने आधी त्याच्या ठाणात एक बकरी सोडली. घोड्याने तिला दातांत धरून बाहेर टाकली. मग एक शांत वयस्क घोडा शेजारी बांधला, तो मानवला. पुढे एक कुत्रा आला आणि शेवटी एक माकडही. तो घोडा नंतर झोपू लागला आणि जिंकू लागला. कौटिल्याच्या यादीची त्या प्रशिक्षकाला गंधवार्ताही नसावी.

खाऊ आणि लाड यांचा सर्वांत तपशीलवार हिशेब मात्र अबुल फज्लचा. आईन-ए-अकबरीत शाही पागेत बारा हजार घोडे असल्याचे तो सांगतो. खास घोड्याच्या रोजच्या रातिबात साडेसात शेर दाणा, त्यातच दोन शेर पीठ आणि दीड शेर साखर. थंडीत हिरवे गवत येईपर्यंत अर्धा शेर तूप. साखरेऐवजी गूळ दिला तर तूप बंद. घोड्यामागे किती माणसे? सगळ्यात वर आतबेगी. हे पद त्या वेळी कवी म्हणून आपण ओळखतो त्या अब्दुर्रहीम खानखानानकडे होते. त्याच्या खाली दारोगा, मुशरिफ, चाबुकस्वार, बैतार, नालबंद, पाणी आणणारा आबकश, झाडू मारणारा खाकरोब. आणि एक सिपंदसोज: तबेल्यात सिपंदाचे दाणे जाळून नजर उतरवणारा. नजर उतरत असेल वा नसेल, रोज ठरल्या वेळी एक ओळखीचा माणूस धुराचा ओळखीचा वास घेऊन घोड्यासमोरून जात होता. ठाणबंद जनावराच्या दिवसात एवढीही घटना मोठी असते.

आणि याच आईनमध्ये दंडाचे कलम आहे. खास घोडा मेला तर दारोग्याला घोड्याच्या मूळ किमतीतल्या दर मोहरेमागे एक रुपया भरावा लागे, मीरदहाला दहा दाम. साईसाच्या महिन्याच्या पगारातली चौथाई कापली जाई. घोडा शूलाने गेला की थंडीने, हे दंडाच्या रकमेत दिसत नाही. तबेल्याची बला कुणाच्या शिरी, याचे याहून नेमके उत्तर म्हणीतही नाही.

हा साईस, आपल्या मराठीतला मोतद्दार, इतिहासात नावाने भेटत नाही. घोड्यांवरची पुस्तके पुष्कळ. शालिहोत्राची फारसी भाषांतरे झाली. उर्दूत सआदत यार खान रंगीन याने फरसनामा लिहिला. रेख्तीचा हा शायर शिपाईगिरी आणि घोड्यांचा व्यापारही करत असे. या ग्रंथांत रंग, भोवऱ्यांचे शुभाशुभ, रोग, दवा सगळे आहे. लिहिणारा मात्र मालक, व्यापारी किंवा हकीम आहे. खरारा करणाऱ्या हाताने काही लिहिले नाही. तरी त्याची भाषा मराठीत शिल्लक आहे: तबेला, लगाम, तोबरा, रिकीब, जीन, नालबंद, चाबुकस्वार. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे नालबंद आडनावाची घरे आहेत. आपल्या व्याख्यानांतून घोडेस्वार पूर्वज पुष्कळ निघतात. घोडा चोळणारा पूर्वज कुणी सांगत नाही, आणि हिशेबाने पाहिले तर तोच जास्त जणांच्या वाट्याला यायला हवा.

वास्तविक लाज वाटावी असे त्यात काही नाही. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. माणसाचे खेळ व्यर्थ असतात, पण तीन गोष्टी त्यातून वगळल्या आहेत: तिरंदाजी, आपल्या घोड्याला शिकवणे आणि बायकोशी खेळणे. घोड्यासोबत घालवलेला वेळ तिथे ‘वाया’ या खात्यात नाही. अरबी वाळवंटातली घोडी बद्दूंच्या तंबूत घरच्या पोरांमध्ये वाढे, खजूर खाई, सांडणीचे दूध पिई. एकोणिसाव्या शतकात असेच हजारो घोडे बसऱ्याहून आणि आखातातल्या बंदरांतून मुंबईला आले आणि इथल्या अरब सौदागरांच्या तबेल्यांत विक्रीसाठी उभे राहिले. कालपर्यंत पोरांनी हाताने खजूर भरवलेल्या जनावराला आता दोन्ही बाजूंना भिंत आणि समोर गिऱ्हाईक.

विलायतेत आता तबेल्यासाठी खेळणी निघाली आहेत. लोळवला की एकेक दाणा सांडणारा चेंडू, टांगलेला गाजर-मुळा, चाटायची मिठाची वीट. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात झुलणाऱ्या घोड्यांच्या ठाणात आरसे लावले, आणि त्यांचे झुलणे लक्षणीय कमी झाले. त्यांना आरशात दुसरा घोडा दिसत असावा. चेंडूपेक्षा मला हा आरसा जास्त बोलका वाटतो. खाऊ दुय्यम आहे, आधी सोबत.

मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्यांवर उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बंदी घातली. घोड्यांचे हाल खरे होते. कोंदट जागा, कठीण रस्ता, अपुरे पाणी. निकालाशी माझे भांडण नाही. पण चर्चेत घोडेवाल्याचा उल्लेख आला तो फक्त हाल करणारा म्हणून. मूठभर भाड्यात जनावर आणि घर दोन्ही पोसणारा, त्याच तबेल्यालगत झोपणारा माणूस कुणी पाहिला नाही. २०२१ मध्ये बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया आल्या. जुने घोडेवाले पांगले, तरी त्यांतले बरेच अजून हयात आहेत. कुणीतरी वही घेऊन त्यांच्याकडे जायला हवे. रात्री घोडा झुलू लागला की तुम्ही काय करत होता? शेजारी कोण बांधत होता? गूळ कधी देत होता, कामाआधी की नंतर? आणि तुमच्या तबेल्यात बकरी होती का?