चिनी चित्रपट : मुंबईतील आस्वाद आणि अभ्यवेक्षण

चिनी भाषांतील चित्रपटांचा मुंबईच्या प्रेक्षकांना झालेला परिचय, त्यांविषयी बनत गेलेली मते आणि कोणता चित्रपट कोणी पाहावा हे ठरविण्याच्या अधिकारावरून झालेले वाद, यांचा हा वृत्तांत आहे. त्यातील बऱ्याच घटना शिवाजी पार्क व त्याला लागून असलेल्या दादर, प्रभादेवी आणि परळ या भागांत घडल्या. नगरपालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केलेले हे मैदान प्रथम माहीम पार्क या नावाने ओळखले जाई. शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्याला आजचे नाव मिळाले. मैदानाभोवती पुढील दोन दशकांत मराठी मध्यमवर्गाची वसाहत वाढली. वाचनालय, नाटक आणि व्याख्यानमाला यांवर पोसलेल्या या वर्गाला चित्रपटनिर्मितीची केंद्रेही हाकेच्या अंतरावर होती. दादरला द्वारकादास संपत यांची कोहिनूर फिल्म कंपनी होती, परळला व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये स्थापन केलेले राजकमल कलामंदिर होते आणि शांताराम यांचेच प्लाझा चित्रपटगृह दादर स्थानकाजवळ होते.

चित्रपटावरील शासकीय नियंत्रणाचा अनुभव या परिसराला चिनी चित्रपटांच्या कितीतरी आधी आला. १९१८ च्या कायद्यानुसार १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे अभ्यवेक्षण (सेन्सॉर) मंडळे स्थापन झाली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्षपद पोलीस आयुक्ताकडे असे आणि त्यावरून या यंत्रणेमागील दृष्टी पुरेशी स्पष्ट होते. कोहिनूरच्या ‘भक्त विदुर’ (१९२१) या पौराणिक मूकपटातील विदुराची वेषभूषा गांधीजींची आठवण करून देणारी होती. मद्रास व कराची येथे त्याच्या प्रदर्शनास बंदी झाली. शांताराम यांनी प्रभात कंपनीसाठी संत एकनाथांवर काढलेल्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव मंडळाला मान्य झाले नाही. तो १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ या नावाने प्रदर्शित झाला. पुराणपुरुष आणि संत यांच्या आडून बोलण्याची निर्मात्यांची युक्ती परीक्षकांना कळत होती. कोणतेही अभ्यवेक्षण प्रेक्षकांना जितके भोळे समजते तितके ते स्वतः भोळे नसते.

चीनचे पहिले मोठे दर्शन मुंबईला घडले ते चिनी नव्हे, तर परळमध्ये तयार झालेल्या हिंदी चित्रपटातून. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. ते १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले आणि त्यात कोटणीस होते. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्याच्या आधारे शांताराम यांनी राजकमलतर्फे ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी, त्यांच्या चिनी पत्नीची जयश्री यांनी आणि चिनी सेनानीची बाबूराव पेंढारकर यांनी केली. यातील चिनी माणसे हिंदी बोलतात आणि मराठी नटांच्या चेहऱ्यांनी वावरतात. आजच्या प्रेक्षकाला हे काहीसे गमतीचे वाटेल. तथापि शत्रूही नव्हे आणि जादूगारही नव्हे, अशा साध्या शेतकरी व सैनिक चिनी माणसांची प्रतिमा मुंबईच्या पडद्यावर आणण्याचे श्रेय या चित्रपटाकडे जाते. चीनमध्येही कोटणीसांवरील चित्रपट १९८२ मध्ये निघाला.

स्वातंत्र्यानंतरच्या मैत्रीच्या काळात उभय देशांत चित्रपटांची देवघेव झाली. चीनमध्ये १९५५ साली भरलेल्या भारतीय चित्रपट सप्ताहात ‘दो बिघा जमीन’ आणि ‘आवारा’ दाखविले गेले. ‘आवारा’च्या पटकथालेखकांतही अब्बास होते. मात्र याच सुमारास चीनमध्ये चित्रपटावर मत देणे किती जोखमीचे झाले होते, याची कल्पना इथे फारशी कोणाला नव्हती. स्वन यू यांचा ‘वू श्युन यांचे चरित्र’ (१९५०) हा चित्रपट भीक मागून गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या एका एकोणिसाव्या शतकातील पुरुषाविषयी आहे. गाडगेबाबा किंवा कर्मवीर भाऊराव पाटील यांचे कार्य जाणणाऱ्या मराठी वाचकाला यात आक्षेपार्ह काय असावे, असा प्रश्न पडेल. चित्रपटाचे प्रथम स्वागतच झाले. परंतु २० मे १९५१ रोजी ‘पीपल्स डेली’ या पक्षपत्राच्या अग्रलेखाने त्याच्यावर हल्ला चढविला. सरंजामी व्यवस्था उलथून टाकण्याऐवजी तिच्यापुढे हात पसरणाऱ्या माणसाचा हा गौरव आहे, असा तो आक्षेप होता आणि अग्रलेखामागे स्वतः माओ होते. त्यात चित्रपटाची स्तुती करणाऱ्या लेखांची व लेखकांची नावेही छापलेली होती. चित्रपटावरील बंदीपेक्षा ही यादी अधिक परिणामकारक ठरली. अभ्यवेक्षकाने दृश्य कापले तर एक चित्रपट अपुरा राहतो. समीक्षकांची यादी छापली की पुढच्या प्रत्येक चित्रपटाचा समीक्षक लिहिण्यापूर्वी इकडेतिकडे पाहू लागतो. ती टीका एकांगी व अतिरेकी होती, अशी कबुली हू छ्याओमू या ज्येष्ठ पक्षनेत्याने १९८५ मध्ये दिली.

१९६२ च्या सीमायुद्धाने देवघेव संपली. भारतातील चिनी वंशाच्या अनेक कुटुंबांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. अशा वातावरणात चिनी चित्रपटाच्या प्रदर्शनाचा विचारही संभवत नव्हता. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाल्यावर तेथील कथापटांची निर्मिती काही वर्षे जवळजवळ थांबली, तेव्हा दाखविण्याजोगे नवे काही उरलेही नाही. राजदूतांच्या पातळीवरील संबंध १९७६ मध्ये पूर्ववत झाले.

नेमक्या याच पोकळीच्या काळात मुंबईत चित्रपट मंडळांची चळवळ बहरली. कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ मध्ये व चित्रपट मंडळांचा राष्ट्रीय महासंघ सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ मध्ये स्थापन झाला होता. मुंबईत १९६८ साली निघालेले प्रभात चित्र मंडळ हे त्यांपैकी मराठी भाषकांचे प्रमुख मंडळ. सुधीर नांदगावकर आणि दिनकर गांगल ही त्याच्या स्थापनेशी निगडित असलेली ठळक नावे. ‘वास्तव रूपवाणी’ हे मंडळाचे नियतकालिक. चित्रपट पाहणे ही करमणूक नसून वाचनासारखाच व्यासंग आहे, हा विचार मराठीत रुजविण्यात या मंडळाचा वाटा मोठा आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) आणि तेथील चित्रपट संस्थेत सतीश बहादूर यांनी केलेले रसास्वादाचे अध्यापन यांचा त्यास आधार मिळाला. परदेशी वकिलातींकडून येणाऱ्या चित्रपटांत पूर्व युरोपचा भरणा अधिक असे. चीन मात्र नकाशावर होता, पडद्यावर नव्हता.

या चळवळीचे स्वातंत्र्य कशावर उभे होते हे येथे पाहणे आवश्यक आहे. १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमाच्या नवव्या कलमान्वये एखाद्या प्रदर्शनास प्रमाणपत्राच्या अटीतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. याच तरतुदीखाली मंडळांना परदेशी चित्रपट न कापता दाखविता येत. परंतु खेळ फक्त सभासदांसाठी असला पाहिजे, ही त्याची अट होती. म्हणजे शिवाजी पार्कच्या वर्गणीदार प्राध्यापकाला जे निर्धोकपणे पाहता येत होते, ते लालबागच्या गिरणी कामगाराने तिकीट काढून पाहणे समाजाला घातक मानले जात होते. मंडळांनी ही सूट कष्टाने मिळविली व जपली, हे खरे. पण मिळालेली गोष्ट हक्क नव्हती, सवलत होती. तिच्या मोहाने केवळ न कापलेली दृश्ये पाहण्यासाठी सभासद होणारेही आले. मग कार्यक्रम कसे निवडावे, कोणाला प्रवेश द्यावा, चर्चेला न थांबणाऱ्यांचे काय करावे, यांवरून मंडळांत कुरबुरी होऊ लागल्या. दारावर परीक्षक नको म्हणणाऱ्यांना दाराच्या आत परीक्षक नेमावे लागले.

या सवलतीबाहेरच्या निर्मात्याची स्थिती अब्बास यांच्या खटल्याने स्पष्ट केली. मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली या शहरांतील श्रीमंती व दारिद्र्य यांचा विरोध दाखविणाऱ्या त्यांच्या ‘चार शहर एक कहानी’ (१९६८) या लघुपटास मुंबईतील वेश्यावस्तीच्या दृश्यांमुळे सर्वांसाठीचे प्रमाणपत्र नाकारले गेले. सुनावणीच्या वेळी सरकारने माघार घेतली, पण अब्बास यांनी पूर्वअभ्यवेक्षणाच्या तत्त्वालाच आव्हान दिले. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. चित्रपट इतर कलांपेक्षा भावनांना अधिक खोलवर हलवितो, म्हणून त्याला वेगळी वागणूक देणे योग्य आहे, असे न्यायालयाचे मत पडले. मात्र अपिलाचा निर्णय सरकारऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाने करावा, ही सूचनाही त्या निकालातून पुढे आली. कोटणीसांची कथा लिहिणाऱ्या माणसाच्या नावाने हा खटला आजही उद्धृत केला जातो.

सत्तरीच्या दशकात चिनी चित्रपट मुंबईत आला तो मंडळांच्या मार्गाने नव्हे, तर बाजारातून. ब्रूस ली यांच्या हाणामारीच्या चित्रपटांनी तरुण प्रेक्षकांना वेड लावले. व्यासंगी मंडळींनी त्यांची दखल घेतली नाही. हा दुर्लक्षाचा प्रकार प्रस्तुत लेखकास अन्यायाचा वाटतो, कारण देहाच्या लयीचा असा विचार त्या काळच्या पुष्कळ गंभीर चित्रपटांत नव्हता.

बीजिंगची चित्रपट अकादमी १९७८ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तेथून १९८२ मध्ये बाहेर पडलेल्या पिढीने चिनी चित्रपटाचे रूप पालटले. चेन काइगे यांचा ‘यलो अर्थ’ (१९८४) हा या पिढीचा आरंभबिंदू मानला जातो. त्याचे छायालेखक झांग यिमोऊ यांनी पुढे ‘रेड सॉर्घम’ (१९८७) दिग्दर्शित केला व त्याला १९८८ च्या बर्लिन महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मो यान यांच्या कादंबरीवरील या चित्रपटाचे इंग्रजी नाव मराठी प्रेक्षकाला दूरचे वाटते; पण सॉर्घम म्हणजे आपली ज्वारी. पुरुषभर उंचीची, वाऱ्याने एका अंगाला कलणारी ताटे सोलापूरच्या माणसाला दाखविण्यासाठी उपशीर्षकाची गरज नाही. झांग यांचे ‘रेज द रेड लँटर्न’ (१९९१) आदी पुढील चित्रपट अधिक रेखीव आहेत. परंतु त्यांतील रंगांची शिस्त कधीकधी माणसांवर मात करते आणि परदेशी पारितोषिक-समित्यांचा डोळा तीत जाणवतो. ‘यलो अर्थ’मधील उघडे पठार आणि त्यावरची ठिपक्याएवढी माणसे मनात अधिक काळ राहतात. त्यान झ्वांगझ्वांग यांचा ‘द ब्ल्यू काइट’ (१९९३) या सर्वांत निर्भय. एका मुलाच्या आठवणींतून तो १९५० नंतरच्या मोहिमा दाखवितो आणि कोणावरही आवाज चढवीत नाही. चीनमध्ये त्यावर बंदी आली व दिग्दर्शकाला दीर्घकाळ काम करता आले नाही. चेन यांचा ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’ (१९९३) कान महोत्सवात गौरविला गेला. मायदेशी तो प्रथम रोखला गेला, मग कापून दाखविला गेला. अमेरिकेत वितरकाने व्यापारासाठी त्याची सुमारे चौदा मिनिटे कमी केली. कात्री दोन्हीकडे होती, कारणे वेगळी होती.

तैवानचे होऊ श्याओश्येन यांचा ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’ (१९८९) हा व्हेनिस महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळविणारा चिनी भाषांतील पहिला चित्रपट. १९४७ च्या हत्याकांडाविषयी तेथे चाळीस वर्षे मौन होते. १९८७ मध्ये लष्करी कायदा उठल्यावर ते प्रथम पडद्यावर आले. यातील पात्रे तैवानी, जपानी, मँडरिन, कँटनीज अशा भाषांत बोलतात आणि एक प्रमुख पात्र मूकबधिर आहे. चिनी भाषा एकच आहे अशी समजूत घेऊन बसलेल्या प्रेक्षकाचा गोंधळ होतो. इंग्रजी उपशीर्षके हा सारा भेद पुसून टाकतात. चिनी चित्रपटांवरील मराठी लेखनाची ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

आशियाई चित्रपटांसाठी स्वतंत्र व्यासपीठ असावे, या हेतूने नांदगावकर व किरण शांताराम यांच्या पुढाकाराने मुंबईत २००२ पासून ‘थर्ड आय’ आशियाई चित्रपट महोत्सव भरू लागला. दोनच वर्षांनी सवलतीचा जुना प्रश्न दुसऱ्या बाजूने उपस्थित झाला. मुंबई आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाच्या २००४ च्या प्रवेशिकांसाठी केवळ भारतीय चित्रपटांना अभ्यवेक्षण प्रमाणपत्राची अट घालण्यात आली. म्हणजे बीजिंगचा माहितीपट प्रमाणपत्रावाचून दाखविता आला असता, दादरचा नाही. माहितीपटकारांच्या एकजुटीच्या विरोधामुळे अट मागे घेतली गेली, परंतु नंतर निवडीत अनेक राजकीय माहितीपट वगळले गेले. तेव्हा वगळलेल्यांनी ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव फेब्रुवारी २००४ मध्ये भरविला. त्याची जागा होती शिवाजी पार्कच्या दक्षिणेस, प्रभादेवीचे भूपेश गुप्ता भवन, जेथे लोकवाङ्मय गृह ही प्रकाशनसंस्थाही आहे. तेथे खेळ विनामूल्य व सर्वांना खुले होते. चित्रपट मंडळांनी बंद दाराआड मिळविलेली मोकळीक येथे प्रथमच दार उघडे ठेवून वापरली गेली.

चीनच्या बाजूला वारे उलट दिशेने वाहिले. हाँगकाँगच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पूर्वी संमत झालेल्या चित्रपटांची संमतीही राष्ट्रीय सुरक्षिततेच्या कारणाने काढून घेण्याची तरतूद झाली. भारतात १९८३ मध्ये अभ्यवेक्षण मंडळाचे नाव बदलून ते प्रमाणन मंडळ झाले, आणि अब्बास खटल्यातील सूचनेनुसारचे अपील न्यायाधिकरणही त्याच वर्षी अस्तित्वात आले. ते एप्रिल २०२१ मध्ये रद्द करण्यात आले. तेव्हापासून प्रमाणपत्राविरुद्धची तक्रार निर्मात्याला उच्च न्यायालयात न्यावी लागते.