लायसन्स की आणि मदरबोर्ड

लायसन्स की : ऑपरेटिंग सिस्टीमची प्रत रीतसर विकत घेतली आहे, हे पटवणारा संकेतांक. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची की २५ चिन्हांची असते, पाच-पाचच्या पाच गटांत लिहिलेली. तिच्यात इंग्रजी स्वर नसतात. शून्य, एक आणि पाच हे अंकही गाळलेले असतात. की घेतली म्हणजे विंडोज आपल्या मालकीचे झाले असे नाही. मिळते ती वापरण्याची परवानगी, आणि ती कोणत्या संगणकापुरती आहे हे कीच्या प्रकारावर ठरते.

२००१ साली विंडोज एक्सपीबरोबर ‘ॲक्टिव्हेशन’ची सक्ती आली. संगणकाच्या दहा भागांवरून एक खूण तयार होई आणि ती कीशी जोडली जाई. इंटरनेट नसेल तर फोनवर ५० अंकी क्रमांक सांगून उलट क्रमांक घ्यावा लागे. एखादा भाग बदलला तर चालून जाई. बरेच भाग एकदम बदलले की पुन्हा ॲक्टिव्हेशन करणे आले.

आज कीचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. दुकानातून वेगळी घेतलेली ‘रिटेल’ की जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येते. मात्र एका वेळी एकाच संगणकावर ती चालते. ‘ओईएम’ की संगणकाबरोबरच येते आणि त्याच संगणकाबरोबर संपते. विंडोज ७ पर्यंत ती कॅबिनेटवरच्या स्टिकरवर छापलेली असे. २०१२ च्या विंडोज ८ पासून संगणक बनवणाऱ्या कंपन्या ती मदरबोर्डच्या, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डच्या, चिपमध्येच साठवू लागल्या. तिसरा प्रकार ‘व्हॉल्यूम’, म्हणजे मोठ्या संस्थांना एकगठ्ठा दिला जाणारा परवाना. ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणाऱ्या कींमध्ये याच प्रकारातून बाहेर फुटलेल्या की पुष्कळ असतात आणि त्या कधीही बंद पडू शकतात.

रॅम वाढवली, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, ग्राफिक्स कार्ड बसवले, तरी परवान्याला सहसा धक्का लागत नाही. मदरबोर्डचे तसे नाही. ओईएम परवान्याच्या दृष्टीने मदरबोर्ड बदलला म्हणजे संगणकच नवा झाला आणि परवानाही नवा घ्यावा लागतो. बिघडलेला बोर्ड वॉरंटीत कंपनीने बदलून दिला, तर मात्र जुना परवाना चालतो. रिटेल परवाना असेल तर बोर्ड बदलण्याआधी तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा. विंडोज १० मध्ये ही सोय २०१६ पासून आहे.

भंडारा जिल्ह्यात शेतकऱ्यांची कागदपत्रे स्कॅन करणाऱ्या सेवा केंद्रांपुढे हा प्रश्न नेमक्या धानाच्या हंगामात उभा राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. खरेदी केंद्रांवर धान येण्याचे दिवस त्याला लागूनच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या संगणकात रॅम किंवा एसएसडी घालून भागत नाही. प्रोसेसर आणि त्याबरोबर मदरबोर्डही बदलावा लागतो. म्हणजे जी सुधारणा विंडोज ११ साठी करायची, तिनेच ओईएम परवाना हातचा जातो. तुमसर, पवनी किंवा लाखांदूरहून नागपूरला जाऊन सुटे भाग आणणाऱ्याने हा खर्च आधीच हिशेबात धरला पाहिजे. मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची मुदतवाढ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली आहे, पण ती नोंदणी केलेल्यांनाच आणि तीही तात्पुरती.

‘विंडोज मारून देतो’ म्हणत ॲक्टिव्हेशन चुकवणारा ‘क्रॅक’ टाकून देण्याची पद्धत गावोगाव आहे. तिला किरकोळ समजणे चूक आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. त्याहून मोठा धोका ग्राहकांना आहे. क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि सेवा केंद्रातल्या त्याच संगणकावर शेतकऱ्याचे आधार, सातबारा आणि बँक पासबुक स्कॅन होते.

नवा परवाना परवडत नसेल तर लिनक्स हा सरळ मार्ग आहे. त्याला कीच लागत नाही. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ नावाची लिनक्स आवृत्ती काढली आहे. ब्राउझर, छपाई आणि टंकलेखन एवढेच काम असेल तर जुन्या संगणकावरही लिनक्सने भागते. मात्र बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि डिजिटल सहीचे टोकन त्यावर चालते का, हे आधी तपासून घ्यावे.

मदरबोर्ड बदलायला देण्यापूर्वी सेटिंग्जमधील ‘ॲक्टिव्हेशन’चे पान उघडावे, खरेदीचे बिल शोधून काढावे आणि आपला परवाना रिटेल आहे की ओईएम, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.