गिरवणे, उतरवणे, मोजणे: वाशिमच्या मुलांच्या हाताची परीक्षा

डोळ्याने पाहिलेला आकार हाताने जसाच्या तसा उतरवता येणे, या क्रियेला मानसशास्त्रात हस्त-नेत्र समन्वय म्हणतात. फळ्यावरचे वहीत घेणे, बेरजेचे आकडे एकाखाली एक मांडणे, दोन ओळींच्या मध्ये अक्षर बसवणे, ही शाळेतली निम्मी कामे या समन्वयावर चालतात. तो कच्चा असला म्हणजे मूल मंद असते असे नाही, आणि तो पक्का असूनही वाचनात अडखळणारी मुले असतात. हा फरक ओळखायला शिक्षणव्यवस्थेला बराच काळ लागला. वाशिम जिल्ह्यासारख्या मोठ्या शहरांपासून दूरच्या भागात तो आणखी उशिरा पोहोचला.

हाताची पारख मात्र चाचण्या येण्याच्या फार आधीपासून होत असे. जुन्या गावठी शाळेत पंतोजी धुळाक्षरांनी सुरुवात करीत. फळीवर बारीक धूळ पसरायची, तिच्यात बोटाने किंवा काडीने अक्षर उमटवायचे, चुकले की तळहाताने फळी सपाट करायची. धूळपाटीवर बोटाला अक्षराचे वळण जाणवते, दाब कमीजास्त झालेला लगेच दिसतो आणि चूक मागे उरत नाही. पुढे मारिया माँटेसरींनी खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवायला दिली. १९२६ पासून नूतन बालशिक्षण संघाच्या कामातून गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती पद्धत भारतीय बालवाडीत रुजवली. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट पंतोजीच्या फळीवर आधीच होती. तिचे शास्त्र तेवढे कोणी मांडले नव्हते.

धुळीनंतर कित्ता येई. बोरूने मोडी लिहिताना आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला लोंबती अक्षरे शक्यतो हात न उचलता लिहीत जायचे, अशी रीत होती. बाळबोध लिपीचे उलटे आहे. तिथे अक्षरे सुटी लिहून होतात आणि शिरोरेघ शेवटी येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेदही सहसा पाळला जात नसे. हा तपशील लिपीच्या अभ्यासकांपुरता वाटेल, पण पुढे हाताची हालचाल यंत्राने मोजायची वेळ आली तेव्हा तोच कळीचा ठरतो.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. वाशिम तेव्हा ‘बासिम’ या नावाने वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक होते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि वाशिम अकोल्यात घातले गेले. सरकारी शाळांबरोबर पाटी-पेन्सिल, ठरलेले वर्ग आणि वार्षिक तपासणी आली. शुद्धलेखन आणि हस्ताक्षर यांना गुण मिळू लागले. खराब अक्षराचे कारण शोधण्याची मात्र सोय नव्हती. ज्याचे अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, त्याला दहा ओळी जादा गिरवायला लागत किंवा छडी मिळे. मुलगा आळशी तरी असायचा नाहीतर ढ तरी, तिसरा खाना नव्हता.

तो तिसरा खाना परदेशात तयार होत होता. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी पहिली बुद्धिमापन श्रेणी केली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांत चौरस पाहून काढणे, समभुज आकृती उतरवणे असे प्रश्न वयानुसार लावलेले होते. १९२६ मध्ये फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी नुसते ‘माणूस काढ’ एवढ्या सूचनेवर चाचणी उभी केली. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या लॉरेटा बेंडर यांनी नऊ आकृत्यांची चाचणी प्रसिद्ध केली. वर्तुळाला टेकलेला तिरपा चौकोन, ठिपक्यांची रांग, एकमेकांना छेदणाऱ्या नागमोडी रेषा अशा या आकृत्या आहेत. मुलासमोर एकेक पत्ता ठेवतात आणि तो कोऱ्या कागदावर उतरवायला सांगतात. चौकोन वर्तुळाला टेकतो का, ठिपक्यांच्या जागी गोल येतात का, सगळी आकृतीच फिरून आडवी होते का, हे तपासनीस पाहतो. आठ वर्षांच्या मुलाने चौकोन वर्तुळापासून बोटभर दूर काढला, तर त्याचा अर्थ लावता येतो. चार वर्षांच्या मुलाचे तसेच होणे स्वाभाविक मानतात. शाळकरी मुलांसाठी गुण देण्याची पद्धत पुढे एलिझाबेथ कोपिट्झ यांनी १९६३ मध्ये बसवली.

मराठी मुलापर्यंत हे सारे भाषांतर होऊन आले. धारवाडचे वि. वि. कामत यांनी बिने श्रेणीचे मराठी आणि कन्नड रूपांतर केले. त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले, आणि बिने-कामत चाचणी आजही दवाखान्यांत वापरात आहे. वाशिमच्या दृष्टीने मात्र जवळचे केंद्र नागपूर होते. तिथल्या बालमार्गदर्शन केंद्रात आर्थर मालिन यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेश्लर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन श्रेणीचे भारतीय रूप तयार केले. १९६९ च्या सुमारास आलेली ही चाचणी इंग्रजी, हिंदी आणि मराठीत होती आणि सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी होती. शाब्दिक प्रश्नांच्या जोडीला तिच्यात ठोकळ्यांची नक्षी जुळवणे, चक्रव्यूहातून पेन्सिल बाहेर काढणे, अंकांखाली ठरलेल्या खुणा भराभर भरणे अशी हाताची कामे होती. शब्दांत हुशार आणि हातात कच्चा, किंवा त्याच्या उलट, असा एकाच मुलातला चढउतार या दोन भागांच्या तफावतीतून कागदावर दिसू लागला. विदर्भातल्या शहराने या विषयात घातलेली ही भर आहे, आणि विदर्भातच ती फारशी कोणाच्या लक्षात नाही.

तरीही चाचणीची पेटी नागपुरात आणि मूल वाशिमकडच्या रिसोडच्या शाळेत, अशी स्थिती राहिली. पेटी उघडायला प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ लागे. एका मुलाला तास-दीड तास द्यावा लागे, घड्याळ लावून वेळ मोजावी लागे, आणि गुणांचे कोष्टक हाताने भरावे लागे. म्हणून अशा चाचण्या बहुधा शहरी, पालकांना परवडणाऱ्या मुलांच्याच वाट्याला आल्या.

१९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालान्त परीक्षेत अध्ययन अक्षम, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणाऱ्या, विद्यार्थ्यांना सवलती मान्य केल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीच्या जागी खालच्या इयत्तेचे गणित, असे त्यांचे स्वरूप होते. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. सवलतीसाठी प्रमाणपत्र लागे, आणि ते देणारी व्यवस्था सुरुवातीला मुंबईच्या महापालिका रुग्णालयांभोवती वाढली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातले अध्ययन अक्षमता केंद्र त्यांपैकी ठळक. वाशिम जिल्हा तर अजून अस्तित्वातही नव्हता. अकोल्यातून तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अक्षमता, हा शब्द तालुक्याच्या गावी पोहोचला. चाचणी पोहोचायला आणखी काही वर्षे जायची होती.

संगणकाने या कामात नेमके काय बदलले, ते समजायला कागदी चाचणीची मर्यादा पाहावी लागते. कागदावर उरते ती फक्त शेवटची रेघ. ती कशी ओढली गेली, हात कुठे थबकला, पेन किती वेळ हवेत होते, हे कागद सांगत नाही. २००० नंतरच्या दशकात इस्रायलमध्ये सारा रोझेनब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संवेदक पाटीवर मुलांना लिहायला लावून पेनाचा सारा प्रवास नोंदवला. अक्षर खराब असणाऱ्या मुलांचे पेन दोन अक्षरांच्या मधल्या वेळात हवेत जास्त रेंगाळते, असे त्यांना आढळले. हात कागदावर नसतानाच त्याची अडचण दिसली. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या अभ्यासकांनी बाजारात मिळणाऱ्या टॅबलेटवर असेच मापन करून डिसग्राफिया, म्हणजे लेखनातली अक्षमता, ओळखून दाखवला.

हे माप मराठीला जसेच्या तसे लावता येत नाही. ‘वाशिम’ हा शब्द बाळबोधीत लिहिताना पेन किती वेळा उचलावे लागते ते पाहावे. ‘व’ची गाठ, मग दंड, मग काना. ‘शि’ची वेलांटी उच्चारात नंतर येते, पण कागदावर ती आधी बसते. त्यानंतर ‘श’, ‘म’ आणि शेवटी उजवीपर्यंत शिरोरेघ. निरोगी, सराईत हातालाही सात-आठ वेळा तरी हवेतून जावे लागते. जिल्ह्याचे नाव ‘वाशीम’ असे दीर्घही लिहिले जाते. तसे लिहिले की वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि हालचालीचा क्रमच बदलतो. रोमन लिपीत जुळवलेले हवेतल्या वेळेचे प्रमाण इथे लावले, तर धडधाकट मूलही संशयित ठरेल. मोडी लिहिणाऱ्याची नोंद घेतली असती, तर ती आणखी तिसरीच आली असती.

भारतीय भाषांसाठी स्वतंत्र साधन हवे, हे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मानले. मानेसरच्या या केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने तयार झालेला, डिस्लेक्सिया तपासण्याचा ‘डाली’ संच २०१५ मध्ये आला. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत तो होता. पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनी भरायच्या वेगळ्या चाळणी-सूची त्यात आहेत, शिवाय मानसशास्त्रज्ञासाठी निदानाचा भाग आहे.

कायद्याने पुढचे पाऊल टाकले. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी शिक्षकांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, मुलांची चाळणी करावी असे सांगितले. निदानासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा संच धरला. वाचन, लेखन, गणिताबरोबर बेंडरच्या आकृत्या त्यातही आहेत. त्याच जानेवारीत वाशिमचे नाव देशातल्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांत गेले. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद हे आणखी तीन होते. शिक्षणाचे निर्देशांक दरमहा ऑनलाइन भरण्याची सवय इथल्या कार्यालयांना तेव्हापासून लागली.

२०२२ मध्ये एनसीईआरटीने ‘प्रशस्त’ हे मोबाइल ॲप आणले. वर्गशिक्षक पहिला भाग भरतो. कोणत्या मुलाकडे पुन्हा पाहायला हवे ते त्यातून ठरते. दुसरा भाग विशेष शिक्षक किंवा मुख्याध्यापकाकडे असतो. ॲप निदान करत नाही, नोंद पुढे पाठवते. मूल फळ्यावरचे उतरवताना ओळ चुकते का, ब आणि व यांत गोंधळते का, कात्री धरताना अडते का, असल्या निरीक्षणांना त्याने एक ठराविक जागा दिली. आधी ती निरीक्षणे शिक्षकाच्या डोक्यात राहत आणि त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर निघून जात.

वाशिमच्या वर्गात या नोंदीपुढे भाषेचा प्रश्न उभा राहतो. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. मुलाने ‘डोळा’च्या जागी ‘डोया’ लिहिले, तर तो घरात जसे बोलतो तसे लिहितो आहे. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीच्या परिसरात आणि इतर बंजारा तांड्यांवर मुलांची घरची भाषा गोरमाटी आहे. पहिलीत आलेल्या अशा मुलाला मराठी दुसरी भाषा असते. त्याचे वाचन अडले तर ते अक्षमतेने की अपरिचयाने, हे सूचीवरच्या ‘हो’ किंवा ‘नाही’ने कळत नाही. आकृती उतरवण्याच्या चाचणीचे महत्त्व इथे वाढते, कारण वर्तुळाला टेकलेल्या चौकोनाला बोली नसते. ती ठीक आणि शब्द कच्चे, तर आधी भाषेकडे पाहावे लागते. दोन्हीकडे अडचण असेल, तर मूल पुढच्या तपासणीला पाठवावे लागते. तांड्याची भाषा जाणणारा शिक्षक आणि स्क्रीनवरची नोंद एकत्र आली, तरच ही वाटणी जमते.

पुढची तपासणी अजूनही रुग्णालयातच होते. बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मुलाला पाहतात, आणि मगच प्रमाणपत्र मिळते. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. वाशिमला स्वतःचे महाविद्यालय २०२४ मध्ये मिळाले. २०१८ च्या सूचनांनी वयाच्या आठ वर्षांपूर्वी प्रमाणपत्र देता येणार नाही, चौदाव्या वर्षी मुलाची पुन्हा तपासणी होईल, आणि अठराव्या वर्षी मिळालेला दाखला कायमचा धरला जाईल, असे ठरवले होते.